फोंड्यातलं तिकीट की स्विंडनचं?

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला गेलेला माझा भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, तिथल्या लॉटरीत कशाला पैसे घालतोस? दोन हजार पाठव, तुझ्या नावाने इथलं तिकीट काढतो." मी नको म्हटलं. गोव्यात असे भाचे पुष्कळ आहेत, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ब्रिटनमध्ये बक्षिसावर कर कापत नाहीत आणि दाव्याला १८० दिवस मिळतात. पण तिथल्या लोट्टो नावाच्या लॉटरीत ५९ पैकी ६ आकडे जुळावे लागतात, म्हणजे साडेचार कोटींत एक संधी. कुणाचेच जुळले नाहीत तर जॅकपॉट पुढच्या सोडतीत जातो, दोघांचे जुळले तर वाटून मिळतो.

आपल्याकडे राज्य सरकारच्या कागदी तिकिटाची बक्षिसं आधीच जाहीर असतात. १९९८ च्या लॉटरी कायद्याप्रमाणे सोडत सरकारनेच काढायची आणि एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही. गाड्यावर आकडा लिहून देतात तो मटका. तिथे पैसे बुडाले तर दाद कुठे मागणार?

कर मात्र जबर. एक लाख लागले तर ३०,००० आधीच कापले जातात, विवरणपत्र भरताना उपकराचे १,२००, उरतात ६८,८००. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या आजीलाही यात सूट नाही. केरळात तर विक्रेत्याचं कमिशनही बक्षिसातूनच जातं.

तरीही मी इथलंच घेतो. परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बंदी आहे. शिवाय मी इथला रहिवासी, म्हणजे तिथे माझ्या नावावर लागलेल्या बक्षिसावरही इथला कर आहेच. भाच्याने स्वतःला लागलेले पैसे मला भेट दिले तर? मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त असते. भाच्याने मामाला दिलेली वर्षाला ५०,००० च्या वर गेली की करपात्र! भाच्याने स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी जरूर खेळावं.

आणि "तुम्हाला ब्रिटनची लॉटरी लागली, आधी फी भरा" असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा.

इथलं तिकीट घेतलंत तर त्याच दिवशी मागे नाव, पत्ता, सही करा. माझ्या थोरल्या भावाचं लागलेलं तिकीट शर्टाच्या खिशातून धुण्यात गेलं. वाळल्यावर शेवटचे दोन आकडे बोटाला लागून आले, विक्रेत्याने ते तसंच परत सरकवलं. तेव्हापासून आमच्या घरी तिकीट देव्हाऱ्याच्या खणात, प्लॅस्टिकच्या पाकिटात असतं आणि पाकिटावर वहिनी दाव्याची शेवटची तारीख लिहून ठेवते.