एल्डन रिंगमध्ये कितीतरी महिने ढालीवर काढल्यानंतर

'ढाल म्हणजे नवशिक्यांचं काम, खरा खेळाडू रोल करतो' हे गेमर मंडळींचं आवडतं वाक्य. (रोल म्हणजे लोळण घेऊन वार चुकवणं.) एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम २०२२ मध्ये आला, त्याला आता बराच काळ लोटला, तरी ते ऐकू येतंच. एक अख्खं कॅरेक्टर ढालीवर वाढवल्यावर माझं मत याच्या उलट झालंय. ढाल हेल्थ वाचवते खरी, पण वसुली स्टॅमिनातून, म्हणजे दमाच्या हिरव्या पट्टीतून, करते. सगळी मजा आणि सगळी अडचण या एका व्यवहारात आहे.

ढाल निवडताना बहुतेक जण फक्त फिजिकलचा, म्हणजे साध्या शस्त्राचा घाव किती टक्के अडतो तो, आकडा बघतात. ब्रास शील्डचा तो १०० आहे, म्हणजे तलवारीचा, भाल्याचा घाव अडवला की हेल्थचा एक थेंबही जात नाही. पण मी आधी गार्ड बूस्ट बघतो. ब्रास शील्डचा ५६ आहे. अडवलेल्या फटक्याचा स्टॅमिनावर किती भार येणार ते हा आकडा ठरवतो. तो कमी असेल तर एखाद्या दांडग्या बॉसचे (मोठ्या, खास शत्रूचे) तीन-चार फटके अडवताच हिरवी पट्टी संपते, गार्ड तुटतो आणि पुढचा घाव उघड्या छातीवर.

ढाल वर धरलेली असताना स्टॅमिना फार हळू भरतो. म्हणून सवय लावायची ती ढाल खाली घेण्याची. दोन हल्ल्यांच्या मध्ये बटण सोडायचं, पट्टी भरू द्यायची, शत्रूचा खांदा हलला की पुन्हा दाबायचं. हे अंगवळणी पडलं की लढाईला ताल येतो. सतत ढालीआड दडून बसणाऱ्याला हा गेम बरोबर धुतो.

त्यातून सुचतो गार्ड काउंटर. फटका अडवल्या अडवल्या हेवी अटॅक दाबायचा. शत्रूचा तोल ढासळतो, असे दोन-तीन बसले की तो गुडघ्यावर येतो आणि क्रिटिकल, म्हणजे जबर नुकसान करणारा खास वार, मारता येतो. क्रुसिबल नाइट या चिवट शत्रूशी मी असाच लढतो. त्याच्या लांबलचक मालिकेतला शेवटचा फटका कोणता हे ओळखणं एवढंच काम उरतं. (ते 'एवढंच' पाठ व्हायला वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी.)

तक्रारी आहेतच. जादू आणि आग बऱ्याच ढालींतून झिरपते. पकडून आपटणारे हल्ले अडवताच येत नाहीत. आणि मलेनिया ही बॉस! तिचा वार ढालीवर झेलला तरी तिची हेल्थ वाढते. ढालवाल्यांवर एवढा राग कशासाठी, कळत नाही. तिथे मी ढाल पाठीला लावून मुकाट्याने रोल करतो.

ग्रेटशील्ड, म्हणजे सगळ्यात मोठी ढाल, घेतली की वजन येतं. एकूण भार ७० टक्क्यांपुढे गेला की रोल बैलगाडीसारखा होतो, त्यामुळे चिलखतात काटकसर करावी लागते. पण भाला हातात असेल तर ढाल न उतरवता भोसकता येतं. संथ, कंटाळवाणं, आणि भयंकर परिणामकारक.

आणखी एक, जे गेम धड सांगत नाही: डाव्या हातातल्या ढालीवर पॅरी (नेमक्या क्षणी वार झटकून टाकणं) असेल तर उजव्या हातातल्या शस्त्राचं स्किल, म्हणजे त्याची खास चाल, दबून जातं. ढालीवर 'नो स्किल' लावा, शस्त्राचं स्किल परत येतं. पॅरी करायचीच असेल तर बकलर ही छोटी ढाल घ्या, मोठ्या ढालीत तो नाद नको.

मधे चव बदलायला पुन्हा स्कायरिम लावला. २०११ चा गेम, तिथला हिशोबच निराळा. नुसतं ब्लॉक करायला स्टॅमिना लागत नाही, बॅश करायला, म्हणजे ढालीने धडक द्यायला, लागतो. अडवलं तरी जास्तीत जास्त ८५ टक्केच वाचतं. क्विक रिफ्लेक्सेस हा पर्क (खास क्षमता) घेतला की पॉवर अटॅक अडवताना वेळ मंदावतो, ते दृश्य आजही झकास वाटतं. पण एल्डन रिंगमधून आल्यावर तिथली ढाल पोकळ लागते, कारण ती वर धरून उभं राहिलं तरी खिशातून काहीच जात नाही.

नवीन सुरुवात करणाऱ्याने १०० फिजिकलची मध्यम ढाल घ्यावी, पहिले काही लेव्हल एन्ड्युरन्समध्ये (स्टॅमिना वाढवणाऱ्या गुणात) घालावेत, आणि गार्ड काउंटर साध्या सैनिकांवर घोटून मगच बॉसकडे वळावं.