ईझेडड्रमर ३ काही महिने वापरल्यावर, आणि हाय-हॅटबद्दल बरंच काही

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. तो बदलला, विंडोज नव्याने टाकलं, आणि पैसे मोजून घेतलेला ड्रम सॅम्पलर (खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) सांगू लागला की हे मशीन नवीन आहे आणि तुमच्या लायसनवरच्या जागा संपल्या आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी प्रकरण मिटलं. पण जुन्या मशीनवरचं लायसन काढायचं तर ते मशीन चालू हवं, आणि ते बंद पडलं म्हणूनच मी मेल लिहितोय, एवढी साधी गोष्ट त्यांच्या सपोर्टला पटवण्यात ऐन गणपतीच्या कामाचे दिवस गेले. सर्व्हिस सेंटरचं बिलही जोडून पाठवलं. दर वेळी नवा माणूस उत्तर द्यायचा आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागायचं. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वापरायला पुन्हा परवानगी मागावी लागली, याचा राग अजून गेलेला नाही.

हातातली गाणी थांबवता येत नव्हती, म्हणून त्या काळात फुकटचे सॅम्पलर डाउनलोड करून काम ढकललं, आणि मग ईझेडड्रमर ३ हा दुसरा ड्रम सॅम्पलर घेतला. तो मे २०२२ मध्ये आला, त्याचे आवाज बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड झाले, वगैरे तुम्हाला माहीत असेलच. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) दणकट आहे, स्नेअर (कडक आवाजाचा मधला ड्रम) उत्तम आहे, टॉमबद्दल (बाकीचे ड्रम) तक्रार नाही. मला बोलायचंय ते हाय-हॅटबद्दल, म्हणजे पायाच्या पेडलने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झांजांच्या जोडीबद्दल.

आधी एक हिशोब बघा. मिनिटाला ९० मात्रांच्या टेम्पोत, चार मात्रांच्या बारमध्ये सोळा हाय-हॅट वाजवली तर आठ बारमध्ये १२८ फटके होतात, तेही एकवीस-बावीस सेकंदांत. तेवढ्याच वेळात स्नेअर साधारण सोळा वेळा वाजतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर स्नेअरच्या आठपट हाय-हॅट पडते. तरी डेमो व्हिडिओंमध्ये सगळे किक आणि स्नेअर ऐकवतात, आणि आपणही त्यावरच भुलून निर्णय घेतो.

मराठी गाण्यात तर हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. आपल्याकडे ठेका ढोलकी किंवा तबला धरतो. ढोलकीची धुम आणि तबल्याचा डग्गा जिथे बोलतात तिथेच किक येते, म्हणून मिक्समध्ये किक दाबावी लागते. शाईवरची थाप आणि स्नेअर एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून स्नेअर काढून साइड स्टिक (ड्रमच्या कडेवर आडव्या काठीचा टकटक आवाज) ठेवतो. मग पूर्ण ड्रम किटमधून उघडपणे ऐकू येण्याजोगं काय उरतं? हाय-हॅट आणि अधूनमधून एखादी क्रॅश (जोरात वाजणारी मोठी झांज). ती हाय-हॅट खोटी वाटली की शेजारची खरीखुरी वाजवलेली ढोलकीसुद्धा खोटी वाटायला लागते. हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय.

खोटी वाटण्याचं कारण ठाऊक असेल. एकच सॅम्पल त्याच जोराने लागोपाठ वाजलं की मशीनगनसारखा आवाज येतो. उपाय दोन: एकाच जोराच्या फटक्याची अनेक रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवणं, म्हणजे राउंड रॉबिन, आणि हळू ते जोरात असे व्हेलॉसिटीचे, म्हणजे फटक्याच्या जोराचे, पुरेसे थर. जाहिरातीत थरांचा एकूण आकडा दिलेला असतो. तो बहुधा स्नेअरचा असतो, आणि त्यातही जोराच्या फटक्यांची श्रीमंती जास्त. आपलं भावगीत मात्र ४० ते ७० व्हेलॉसिटीत चालतं. तिथे किती वेगवेगळी रेकॉर्डिंग आहेत हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं, ते कानानेच तपासावं लागतं.

धातूच्या, म्हणजे झांजांच्या, बाबतीत काटकसर जुनीच आहे. रॉजर लिनचं एलएम-१ हे खऱ्या ड्रमची सॅम्पल वाजवणारं पहिलं ड्रम मशीन १९८० मध्ये आलं, तेव्हा त्यात हाय-हॅट होती पण क्रॅश आणि राइड या मोठ्या झांजा नव्हत्या. झांज लांबवर घुमत राहते आणि तेव्हा मेमरी प्रचंड महाग होती. १९८२ च्या लिनड्रममध्ये त्या आल्या. आज मेमरी स्वस्त आहे, तरी धातूवर कष्ट घेतलेत की नाहीत हे सॅम्पलरगणिक बदलतं.

म्हणून कुठलाही सॅम्पलर घेण्याआधी माझी परीक्षा ठरलेली आहे. मिडीची (वाद्यांना सूचना देणारी डिजिटल भाषा) ४२ नंबरची, म्हणजे बंद हाय-हॅटची नोट, सोळाचा पॅटर्न, सगळ्या नोटा सपाट ५५ व्हेलॉसिटीवर, रिव्हर्ब बंद, हेडफोन लावून सोलो ऐकायचं. मग ४६ ची उघडी नोट मारून लगेच ४४, म्हणजे पायाने बंद. उघड्या झांजेचा आवाज तिथे नीट मिटला पाहिजे, कापल्यासारखा तुटता कामा नये. शेवटी कंट्रोलर ४, म्हणजे पेडल किती दाबलंय ते सांगणारा मिडी संदेश, हळूहळू वरखाली करून बघायचं. जनरल मिडीत बंद, पायाची आणि उघडी एवढ्याच तीन अवस्था आहेत. अर्धवट उघडी, किंचित सैल अशी जी मधली जागा आहे, तिथे गाण्याचा कडवं-मुखडा बदल जिवंत होतो.

या परीक्षेत ईझेडड्रमर ३ ने मला खरंच आनंद दिला. टोकाने मारलेला फटका आणि कडेवर मारलेला फटका वेगळे आहेत, उघडण्याच्या पायऱ्या भरपूर आहेत, आणि सपाट ५५ वर सोळा वाजवूनही माणूस बसलाय असं वाटलं. त्या रात्री नुसती हाय-हॅट ऐकत बसलो. घरच्यांना ते विचित्र वाटलं असेल, पण एवढा पैसा टाकल्यावर पहिल्यांदा समाधान वाटलं.

पैशाचं सांगतो. बाजारात आला तेव्हा किंमत १७९ डॉलर होती. रुपयांत पंधरा हजारांच्या घरात धरा, वर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी. घरी बसून काम करणाऱ्याला ही रक्कम मोठी आहे. त्यामुळे फुकटच्यांविषयीही नीट सांगतो. एमटी पॉवर ड्रम किट २ चा आवाज आधीच मिक्स केलेला येतो. रॉक वाजवणाऱ्याने पैसे खर्च करण्याआधी तोच वापरावा. ड्रमगिझमो मुक्त स्रोत आहे आणि त्यात प्रत्येक माइकचा वेगळा चॅनल मिळतो. हाय-हॅटचा आवाज स्नेअरच्या माइकमध्ये कसा झिरपतो हे शिकायला त्यासारखं साधन नाही. ईझेडड्रमरच्याच कंपनीच्या सुपीरियर ड्रमर ३ ची २३० जीबीची लायब्ररी माझ्या लॅपटॉपवर मावणारच नाही, म्हणून तो विचारातच घेतला नाही.

ईझेडड्रमर ३ मधल्या बँडमेट या सोयीबद्दल माझं मत मध्येच बदललं. तुमचं रेकॉर्डिंग आत टाकायचं आणि त्याला जुळणारा ठेका तो सुचवतो. सुरुवातीला मला ती जाहिरातीपुरती गोष्ट वाटली. मग एकदा केरव्यातली ढोलकीची टेक त्यात टाकली, आणि सुचवलेल्या पॅटर्नमधून किक-स्नेअर काढून फक्त हाय-हॅट ठेवली. ढोलकीच्या वजनावर ती इतकी चपखल बसली की आता ही माझी नेहमीची पद्धत झाली आहे. दादऱ्यासाठी मात्र मी ग्रिड एडिटरमध्ये हातानेच नोटा भरतो. लग्गीचा प्रश्न येतच नाही, ते ढोलकीवाल्याचं काम आहे.

ईझेडड्रमरमध्ये स्वतःची सॅम्पल टाकता येत नाहीत, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. हलगी, दिमडी, टाळ यांचे सुटे फटके मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या रीसॅम्पलोमॅटिक सॅम्पलरमध्ये ठेवतो. रीपरचं छोटं लायसन ६० डॉलरचं आहे आणि हा सॅम्पलर त्यातच येतो. टाळाचे चार-पाच वेगवेगळे फटके रेकॉर्ड करून आळीपाळीने लावले तर भजनाच्या ट्रॅकला विकतच्या लायब्ररीची गरज राहत नाही. ढोलकीचा घिस्सा मात्र सॅम्पलमधून आणायच्या फंदात पडू नका. तळवा दाबत नेताना सूर सरकतो, तो सुट्या फटक्यांतून जोडून मिळत नाही. वादकाला बोलवा आणि त्याचं मानधन द्या.

ऑक्टापॅड वाजवणाऱ्या मित्रांसाठी. एसपीडी-३० हा ऑक्टापॅड युएसबीने जोडला तर ईझेडड्रमर थेट वाजवता येतो. बफर (कॉम्प्युटर आवाज किती तुकडा साठवून पुढे पाठवतो ती सेटिंग) १२८ वर ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला तो जवळपास ३ मिलिसेकंद होतो. ५१२ वर साडेअकरा होतात आणि हात मागे पडल्यासारखा वाटतो. पॅडच्या मागे हाय-हॅट पेडलचं सॉकेट आहे. आपल्याकडचे बहुतेक वादक ते कधी वापरतच नाहीत, कारण ऑर्केस्ट्रात पाय मोकळा लागतो. घरी रेकॉर्ड करताना तरी पेडल लावाच. एका हाताने सोळा, पायाने हळूच सैल करत नेलेलं कडवं आणि मुखड्यावर घट्ट मिटलेली झांज, हे माउसने लिहायला अर्धा तास जातो, पायाने एका टेकमध्ये होतं.

मदरबोर्डच्या प्रकरणानंतर एक सवय लावली आहे. गाणं पुरं झालं की किक, स्नेअर, हाय-हॅट, ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक) असे सगळे चॅनल वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, मिडी फाइलही सोबत. उद्या कुठलंही लायसन अडलं तरी जुनं गाणं उघडता येतं. ईझेडड्रमर २ आधीपासून असेल तर पूर्ण किंमत भरू नका, अपग्रेड स्वस्त पडतं. आणि नोव्हेंबरातल्या सेलपर्यंत थांबता येत असेल तर तोवर एमटी पॉवरवर काम चालवा.