बेळगावच्या वाईन शॉपात बर्बन: कुठली ठेवावी, कुठली नको

बेळगावात बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, मागितली की काउंटरवरचा पोऱ्या बहुतेक वेळा जॅक डॅनियल्सची बाटली पुढं करतो. गिऱ्हाईकही ती घेऊन जातं आणि दुकानदाराला वाटतं, आपल्याकडं बर्बनची सोय आहे. जॅक डॅनियल्स ही टेनेसी व्हिस्की आहे. तिच्यात ८० टक्के मका असतो, आणि पिंपात भरण्याआधी मद्य शुगर मेपलच्या लाकडी कोळशाच्या सुमारे १० फूट थरातून थेंबथेंब गाळलं जातं. बर्बनच्या बहुतेक अटी ती पाळते, पण कंपनी स्वतःच तिला बर्बन म्हणत नाही. ती दुकानात ठेवावीच, कारण नावावर खपते. फक्त बर्बनची जागा भरली असं समजून पुढची खरेदी थांबवू नये.

आधी बर्बन म्हणजे काय ते काउंटरवरच्या माणसाला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक बिस्किटावरून विनोद करतं आणि विषय तिथंच संपतो. धान्यात किमान ५१ टक्के मका, अमेरिकेतच तयार झालेली (केंटकी राज्यातच व्हायला हवी अशी अट नाही), आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरवलेली, रंग किंवा वास वरून न घातलेली. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत ४० च्या खाली नको. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावंच लागतं. मध किंवा सफरचंदाच्या चवीच्या बाटल्या ब्रँड तोच असला तरी बर्बन नव्हेत. त्या वेगळ्या फळीवर ठेवाव्यात.

दुकानदाराच्या दृष्टीनं यातलं कामाचं कलम एकच, ते म्हणजे कोरं जाळलेलं पिंप. व्हॅनिला, करपत आलेली साखर, खोबरं असा जो वास येतो तो त्या लाकडाचा. आपल्या भागातलं गिऱ्हाईक उसाच्या मळीच्या स्पिरिटात थोडं स्कॉच मिसळलेल्या व्हिस्कीवर वाढलेलं. त्याला पहिल्या घोटात बर्बन ‘गोड लागते’, आणि स्कॉच म्हणून दिली असेल तर ते फसवलं गेल्यासारखं परत येतं. म्हणून स्कॉचची धुरकट बाटली नेहमी नेणाऱ्याला बर्बन सुचवू नये. अमृत किंवा पॉल जॉन या आपल्याकडच्या सिंगल माल्ट नेणाऱ्याला सुचवावी. बर्बनचं पिंप बर्बनसाठी दुसऱ्यांदा वापरता येत नाही, त्यामुळं ती रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात आणि आपल्याकडच्या सिंगल माल्टवाल्यांकडंही येतात. त्या माल्टमधला व्हॅनिलाचा वास याच पिंपांचा. गिऱ्हाइकाची जीभ अर्धी तयार असते, तेवढं एक वाक्य सांगितलं की बाटली हातात घेतली जाते.

खरेदी मात्र चवीपासून सुरू करू नये. कर्नाटकात घाऊक पुरवठा केएसबीसीएल या सरकारी महामंडळाकडूनच होतो, तेव्हा ज्या लेबलला त्या वर्षाची मंजुरी आहे तेवढीच बाटली कायद्यानं फळीवर येऊ शकते. अबकारी वर्ष १ जुलैला बदलतं. जूनमध्ये यादीत असलेलं नाव ऑगस्टमध्ये नसणं हा नेहमीचा अनुभव. इंटरनेटवर वाचून गिऱ्हाईक दहा नावं सांगेल, त्याला ‘मागवून देतो’ असा शब्द देण्याआधी यादी उघडून बघावी. बॅरल प्रूफची, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या कडकपणानंच भरलेल्या बाटलीची, मागणी तर सरळ सोडून द्यावी. आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या नियमांत व्हिस्कीचा मद्यार्क ३६ ते ५० टक्के एवढाच धरलेला आहे आणि अमेरिकेतल्या त्या बाटल्या ६० च्या घरात जातात.

दुसरा हिशेब पैशाचा. समजा १२ बाटल्यांची पेटी आहे, बाटली ३,६०० ला पडते आणि तिच्यावर ४०० रुपये सुटतात. पेटीत अडकले ४३,२००, पूर्ण विकल्यावर सुटणार ४,८००. महिन्याला एकच बाटली गेली तर पेटी वर्षभर चालते. सरासरी २१,६०० अडकून राहतात, १२ टक्के व्याज धरलं तर २,५९२ रुपये व्याजातच गेले, म्हणजे नफ्यातला अर्ध्याहून जास्त भाग. तीच पेटी चार महिन्यांत संपली तर व्याज ८६४ वर येतं. म्हणून आपली कसोटी अशी ठेवावी की महिन्याला तीन बाटल्या जातील असं वाटत नसेल तर पेटी उचलू नये, आणि एकच काम करणाऱ्या दोन बर्बन एका वेळी ठेवू नयेत. सगळा माल पडून राहतो तो या दुसऱ्या चुकीमुळं. रॅक भरलेला दिसावा म्हणून त्याच किमतीच्या, त्याच चवीच्या तीन बाटल्या शेजारी उभ्या करतात, आणि मग तिन्ही धूळ खातात.

जिम बीम व्हाइट ही पायाची बाटली. चार वर्षं मुरलेली, ४० टक्के, साधा स्क्रूचा बूच. नुसती घेतली तर पातळ वाटते, शेंगदाण्याच्या टरफलासारखा एक कोरडा वास मागं राहतो. कोलाबरोबर मात्र तिला तोड नाही, आणि लग्नाच्या हंगामात तरुण मंडळी ती त्यासाठीच नेतात. बर्बन एकच ठेवायची असेल तर हीच. छोटी बाटली यादीत असेल तर ती आधी घ्यावी, कारण नव्या चवीवर कोणी पहिल्यांदा फुल घेत नाही.

मेकर्स मार्क दुसरी, आणि बेळगावसाठी आमच्या मते सगळ्यात बरोबर बसणारी. बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला सहसा राय नावाचं धान्य असतं, त्यानं मिरीसारखा तिखटपणा येतो. मेकर्समध्ये रायच्या जागी गहू आहे, साधारण ७० टक्के मका, १६ गहू, १४ बार्लीचं माल्ट. त्यामुळं घशाला टोचत नाही. पन्नाशीतल्या, आयुष्यभर स्कॉच घेतलेल्या माणसाला बर्बन द्यायची तर हीच द्यावी. मूळची ४५ टक्के. २०१३ साली माल पुरेना म्हणून कंपनीनं ती ४२ वर आणायची घोषणा केली आणि लोक इतके खवळले की आठवडाभरातच निर्णय मागं घेतला. वरचं लाल मेण बाटलीगणिक हातानं बुडवून लावलेलं असतं, भेट द्यायला त्याचा फार उपयोग. तक्रारही त्या मेणाचीच येते. लोक सुरीनं मेण खरवडत बसतात, तुकडे ग्लासात पडतात. मेणाखाली एक पट्टी असते, तिचं टोक ओढलं की मेण गोल फाटतं, मग बूच फिरवायचा. हे बाटली देतानाच करून दाखवण्यासारखं सांगावं.

तिसरी जागा भेटीच्या बाटलीची, तिथं वुडफोर्ड रिझर्व्ह. रुंद, चपटी बाटली, खोक्यात छान दिसते, आणि चवीलाही पोकळ नाही. ७२ टक्के मका, १८ राय, सुकामेवा आणि कोको यांची आठवण येणारी चव. कॅम्प आणि टिळकवाडीकडच्या दुकानात ती जाते, दिवाळीत आणि बदल्यांच्या दिवसांत जास्त. बफेलो ट्रेस हिच्या जागी ठेवता येईल, हिच्या जोडीला नको. बफेलो ट्रेसचं नाव इंटरनेटमुळं फार मोठं झालंय. बाटली उत्तमच आहे, राय कमी, गोडवा जास्त, पण आपल्याकडं ती मागणारे मोजके, आणि त्यांना ती गोव्यात कितीला मिळते हे पाठ असतं. जाता जाता एक गंमत: तिची मालक सॅझेरॅक कंपनी पॉल जॉनवाल्या जॉन डिस्टिलरीजमध्येही भागीदार आहे.

चौथी ठेवायचीच असेल तर जास्त रायची घ्यावी, कारण पहिल्या तीन एका अंगाच्या, गोडीकडं झुकलेल्या आहेत. बुलेटमध्ये राय २८ टक्के, मद्यार्क ४५. तांबड्या रश्श्याबरोबर किंवा सुक्या मटणाबरोबर मेकर्स मिळमिळीत लागते, बुलेट उभी राहते. फोर रोझेसही याच जातीची, तिच्या दोन धान्यमिश्रणांपैकी एकात राय ३५ टक्क्यांपर्यंत आहे, पण साधी फोर रोझेस सगळं मिसळून ४० टक्क्यांवर येते आणि जिम बीमच्या शेजारी उभी राहून तिचंच गिऱ्हाईक खाते. नऊ वर्षांची, ५० टक्क्यांची नॉब क्रीक हे चांगलं मद्य आहे, फक्त पेटी उचलण्याआधी तीन नावं सांगता आली पाहिजेत की ती कोण नेणार.

मद्यार्काच्या आकड्यावरून काउंटरवर रोज वाद होतो. आपल्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ वाचायची सवय, त्यामुळं ४० दिसलं की ‘हलकी आहे’ असा शेरा. उलट ५० दिसलं की घाबरतात. आपल्याकडं पेगमध्ये दुप्पट पाणी घालतात हे धरून हिशेब सांगावा. ६० मिलीत १२० मिली पाणी घातलं तर ४० टक्क्यांची व्हिस्की ग्लासात १३.३ वर येते, ४५ ची १५ वर आणि ५० ची १६.७ वर. फरक डोक्याला कमी, चवीला जास्त जाणवतो. ४० ची बर्बन एवढ्या पाण्यात विरून जाते, म्हणून तिला कोला किंवा एकास एक पाणी. पाणीवाल्या गिऱ्हाइकाला ४५ च्या पुढचीच द्यावी. तिकडं आणि इथं एकाच ब्रँडचा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा अमेरिकन माहिती न ऐकवता हातातलं लेबल वाचावं.

किमतीबाबत गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला: ‘ड्युटी कमी झाली म्हणे, मग स्वस्त का नाही?’ फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं बर्बनवरची आयात ड्युटी १५० वरून १०० टक्क्यांवर आणली हे खरं. पण ५०० रुपयांच्या मालावर पूर्वी ७५० ड्युटी लागून तो १,२५० ला पडायचा, आता १,००० ला पडतो. म्हणजे घट २० टक्के, तीही राज्याचा अबकारी कर लागण्याआधीच्या रकमेत. त्यावर राज्याचा कर, कंपनीचा आणि दुकानाचा वाटा चढल्यावर एमआरपीत उरतं ते थोडंच. आणि पुढं बघायचं तर जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या करारात स्कॉचची ड्युटी आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. स्वस्तपणाच्या भरवशावर बर्बनचा मोठा साठा करणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

खरा स्पर्धक मात्र शेजारचं दुकान नाही, गोव्याकडं उतरणारा चोर्ला घाट आहे. गोव्यातली किंमत ऐकून आलेल्या माणसाशी किमतीवर भांडण्यात अर्थ नाही. परमिटाशिवाय सीमेपलीकडून बाटली आणणं कायद्यात बसत नाही आणि कणकुंबीकडं गाड्या तपासल्या जातात, एवढं सांगून विषय सोडावा. खानापूर रस्त्यावरच्या दुकानानं मात्र यावरून धडा घ्यावा: तिथं जिम बीम पुरे, वरच्या बाटल्या नकोत. निपाणीचं गणित उलटं. गोवा लांब पडतो, व्यापारी पेठ आहे, भेटवस्तूची मागणी असते, त्यामुळं मेकर्सची पेटी तिथं चालते. संकेश्वर, हुक्केरीला सुरुवातीला एकही नको. कॅम्पमधल्या दुकानाला आणखी एक गोष्ट, तिथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना लष्करी कॅन्टीनची सोय असते. कॅन्टीनमध्ये मिळणाऱ्या ब्रँडशी टक्कर देण्यापेक्षा तिथं सहसा न दिसणारी बाटली ठेवावी.

माल उतरवून घेताना प्रत्येक बाटलीवरचं अबकारी लेबल फाटलेलं नाही ना, आणि मद्याची पातळी सगळ्या बाटल्यांत एकसारखी आहे ना, हे उजेडात धरून बघावं. एखादीत बोटभर कमी असेल तर बूच गळका आहे, ती तिथंच बाजूला काढावी, नंतर कोणी ऐकून घेत नाही. कॉर्कच्या बाटल्या कधी आडव्या ठेवू नयेत. वाईनची ती पद्धत इथं उलटी पडते, एवढा मद्यार्क कॉर्क कुरतडतो आणि भुगा बाटलीत उतरतो. पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानात एप्रिल-मेचं ऊन थेट वरच्या फळीवर येतं, तिथं दिखाव्याला रिकामी खोकी ठेवावीत, भरलेल्या बाटल्या नकोत. पावसाळ्यात लेबलांना बुरशी धरते. भिंतीला टेकलेल्या रांगेवर आधी धरते. डाग पडलेली वुडफोर्ड भेट म्हणून कोणी नेत नाही.

पहिली खरेदी सप्टेंबरमध्ये करावी, जुलैची यादी स्थिरावलेली असते आणि पुढं दसरा, दिवाळी, लग्नं ओळीनं येतात. जिम बीमची एक पेटी, मेकर्सची एक, बस्स. वुडफोर्ड दिवाळीच्या तीन आठवडे आधी. डिसेंबरात सुवर्णसौधमधल्या विधिमंडळाच्या अधिवेशनाला बंगळूरहून माणसं येतात, हॉटेलं भरतात, आणि बर्बन नाव घेऊन मागणारे त्या पंधरवड्यात दिसतात. बुलेटची पेटी उचलायची असेल तर तेव्हाच, आणि जानेवारीच्या शेवटी चारपेक्षा जास्त बाटल्या उरल्या असतील तर पुढच्या वर्षी तिचं नाव काढू नये.