वॉशिंग्टनचं बेथून काउन्सिल हाउस: समाजकार्यवाल्यांनी चुकवू नये

लोगन सर्कलजवळ, व्हर्मांट अ‍ॅव्हेन्यूवरचं हे घर म्हणजे नॅशनल काउन्सिल ऑफ नीग्रो विमेन या अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या संघटनेचं जुनं मुख्यालय. प्रवेश फुकट. नाव काउन्सिलच्या संस्थापक मेरी मॅक्लाउड बेथून यांचं, पण मी गेले समाजकार्यातून पुढे आलेल्या नेत्या डोरोथी हाइटसाठी. मुंबईत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना आमच्या वाचनात ही बाई कुठेच नव्हती, याचा मला अजून राग येतो. १९५२ मध्ये दिल्ली विद्यापीठात समाजकार्य शिकवून गेलेली बाई!

सुरुवात न्यूयॉर्कच्या वेल्फेअर खात्यात, केसवर्कर म्हणून, म्हणजे गरजू कुटुंबांची प्रकरणं हाताळायची. मग १९५७ पासून तब्बल चाळीस वर्षं काउन्सिलचं अध्यक्षपद. मला सगळ्यात भावलं ते मिसिसिपीतलं काम. नागरी हक्क चळवळीतल्या फॅनी लू हेमरच्या साथीनं तिथल्या गरीब काळ्या कुटुंबांना डुकरीण द्यायची, आणि व्याली की दोन पिल्लं परत घ्यायची, पुढच्या घरासाठी. आपल्या बचतगटांच्या ताईंना हे समजवावं लागणार नाही. १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या नागरी हक्क मोर्चात मात्र हाइट मंचावर होत्या, पण भाषण नाही. संधी पुरुष नेत्यांना. वंशाचा लढा लढणारेही बाईला मागे ठेवतात, हे काय नवीन!

घर लहान आहे, भव्य म्युझियमच्या अपेक्षेनं जाऊ नका. रेंजरसोबतच (तिथला सरकारी मार्गदर्शक) फिरा आणि बेथूननंतरचा काळ मुद्दाम विचारा. वेळा आधी वेबसाइटवर बघा. लहान मुलं कंटाळतील. पाचपैकी साडेचार.