काचेच्या बांगड्या, सुती साडी आणि दोन इंची टाच: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतच्या सरावानंतर

क्रॉसड्रेसिंगमध्ये, म्हणजे पुरुषाने बाईच्या वेशात वावरण्यात, कपडे आणि मेकअप लवकर जमतात, अडतं ते हालचालींवर. महागड्या क्लासऐवजी रोज अर्धा तास या तीन वस्तू वापरल्या तर काय पदरात पडतं, ते खाली. ठाण्याचा दमटपणा आणि घाम धरूनच मत दिलं आहे.

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात कामाची निघाली: बांगड्या. पुरुषी सवयीचा हात खांद्यापासून हलतो आणि थांबताना झटका देतो. हातात डझनभर काचेच्या बांगड्या असल्या की तो झटका कानावर येतो. कपाट उघडताना, कप उचलताना, केस कानामागे नेताना बारीक किणकिण ठीक. थांबताना खळ्ळकन वाजलं की हालचाल फसली. कोपर बरगडीपासून चार बोटांपेक्षा लांब जाऊ देऊ नका, मनगट आधी वळवा, बोटं त्याच्यामागून. मनगट लुळं मात्र सोडू नका, लगेच सोंग वाटतं. बालगंधर्वांची थोर परंपरा आपल्याकडे आहे हे खरं, पण रंगमंचावर शेवटच्या रांगेसाठी हालचाल मोठी करावी लागते; शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईला तीच खोटी वाटणार.

माप असं घ्या: अंगठा तळव्यात दुमडून पंजाचा सगळ्यात रुंद घेर मोजा. २१ सेंमी आला तर २-१० लागते, म्हणजे व्यास दोन इंच आणि वर दहा सोळांश. जांभळी नाक्याच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा माप लिहूनच न्या. २-८ बळेच चढवली तर अंगठ्याच्या हाडावर फुटते आणि कापतं. साबणाचा फेस लावा.

साडी सुती, हलकी खळ असलेली. जॉर्जेट सरकते, मग सराव राहतो बाजूला आणि पदर सावरण्यातच वेळ जातो. आधी सँडल घालायची, नंतर साडी नेसायची. उलट केलं तर काठ वर राहतो. परकर कमी घेराचा घेतला की पाऊल आपोआप लहान पडतं. घरात दोन फुटी टाइल असेल तर एका पावलाला एक टाइल पुरी होता कामा नये, आणि दोन्ही पावलं टाइलच्या सांध्याला लागून पडली पाहिजेत. तेवढ्याने कंबर हवी तितकी हलते. व्हिडिओत शिकवतात तो मुद्दामचा हेलकावा वाईट दिसतो. निऱ्या आतून परकरासकट पिन करा, नाहीतर जिन्यात पायाखाली येऊन सुटतात. जिना चढताना उजव्या हाताने निऱ्या मांडीपाशी चिमटीत धरून चार बोटं उचला, काठाला धरून नाही. माशाच्या शेपटीसारखे घट्ट शेपवेअर परकर मिळतात, ते फोटोपुरते बरे. घाम साचतो आणि जिन्यात गुडघा उचलत नाही.

बसणं हे चालण्यापेक्षा अवघड. धपकन बसायची सवय मोडायला मांड्यांचा जोर लागतो. पिंढऱ्या खुर्चीला टेकू द्या, मागून साडीवर हात फिरवा, मग सावकाश टेका. गुडघे जुळलेले, घोटे एकावर एक. उठताना एक पाऊल वीतभर मागे घ्या. गुडघ्यावर हात ठेवून उठलं की सगळं मुसळ केरात.

आरशाचा उपयोग कमीच, त्यात बघता बघता मान ताठते. फोन कंबरेच्या उंचीवर ठेवून बाजूने आणि मागून मिनिटभर शूट करा, बांगड्यांच्या आवाजासकट. नमुना म्हणून आपल्याच वयाच्या बायका बघा: तलावपाळीचा कट्टा, नाहीतर वाशी-पनवेल गाडीचा प्लॅटफॉर्म. टक लावून नको, अर्थातच. त्यांचे हात बहुतेक वेळ पर्सच्या पट्ट्यावर किंवा ओढणीवर टेकलेले असतात, नखरा जवळजवळ नसतोच.

टाच दोन इंची, ब्लॉकच, म्हणजे जाड ठोकळ्यासारखी. पेन्सिल हीलवर नवखा माणूस गुडघे वाकवून चालतो. बायकांच्या सँडल ८ नंबरच्या पुढे क्वचित मिळतात. पंजा रुंद असेल तर पुढून उघडी, पट्ट्यांची बघा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर टाच सोडून द्या, सपाट कोल्हापुरीवर बाकी सगळा सराव होतो.