रोज पसरणी घाट चढायचाय? सेकंडहँड डस्टर दीड वर्ष वापरल्यावरचा अनुभव

राहायला वाईत आणि नोकरी महाबळेश्वरला. वाईतून बाहेर पडलं की लगेच पसरणी घाट, मग पाचगणी, मग पुढं, एका बाजूचं साधारण ३२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ६४ आणि महिन्याला सोळाशेच्या वर. आधी छोटी पेट्रोल गाडी होती, ती चढाला दर वळणावर पहिला गिअर मागायची आणि जुलैत रस्त्यावरच्या पाण्यात तिचं पोट घासायचं. म्हणून ठरवलं की सेकंडहँड का होईना पण डिझेल आणि उंच गाडी घ्यायची, बजेट पाच लाखाच्या आत.

दोन महिने गाड्या बघितल्या. पहिली पुण्यातल्या एका डीलरकडची मोठी सात सीटर, पॉलिश अशी की तोंड दिसावं. मी पोचलो आणि बोनेटवर हात ठेवला तर गरम! फोनवर बजावून सांगितलं होतं की मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन कसं स्टार्ट होतं, पहिल्या मिनिटात धूर कुठल्या रंगाचा येतो, हेच तर बघायचं असतं. आणि गादीखालचा मॅट उचलला तर खाली ओला वास आणि सीटच्या नटांना गंज, म्हणजे गाडीत कधीतरी पाणी शिरलेलं. तिथूनच परत फिरलो.

मग रेनॉच्या डस्टरवर आलो. डस्टर आपल्याकडं २०१२ ला आली, १.५ लिटर डिझेलमध्ये दोन प्रकार, ८५ पीएस आणि ११० पीएस (पीएस म्हणजे इंजिनची ताकद), आणि पुढं ११० मध्येच ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, पण आली. डिझेल २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळं आता मिळणार ती जुनीच. पण हेच इंजिन निसानच्या टेरानोत आणि इतर गाड्यांत पण होतं, म्हणून मिस्त्री लोकांना ते नवीन नाही, पार्ट मिळतात.

सगळे मित्र म्हणाले ऑल व्हीलच घे, घाट आहे. मी पण त्याच विचाराचा होतो आणि एक चांगली ठेवलेली गाडी चालवून पण बघितली. मस्त गाडी आहे, पहिला गिअर छोटा असल्यानं उभ्या चढावर उचलते झकास. पण नीट विचार केला की मी जातो तो रस्ता डांबरी आहे, चिखलात किंवा शेतात मला रोज जायचं नाही, मग चारही चाकांच्या ताकदीचे आणि तिच्या जास्तीच्या पार्टचे पैसे कशाला? शिवाय ११० ला टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) जागा होईपर्यंत, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, जीव थोडा कमी वाटतो, आणि घाटात वळणावर स्पीड पडतो तो नेमका तिथंच. ८५ कागदावर कमी आहे पण दुसऱ्या गिअरवर वळण घेऊन सहज बाहेर निघते, सारखा गिअर बदलावा लागत नाही. हायवेवर मात्र ११० च भारी, रोज पुणे-मुंबई करणाऱ्यानं माझं ऐकू नये.

शेवटी साताऱ्यातल्या एका शिक्षकांची २०१६ ची ८५ मिळाली, ७८ हजार चाललेली. त्यांना सरळ विचारलं, "सर, गाडी घाटात चालवून बघायचीय, चार माणसं बसवून." ते म्हणाले, "या की, मीच येतो वाईला." आणि खरंच आले. एवढ्या एका गोष्टीवर माझा अर्धा निर्णय झाला होता.

आमचे मिस्त्री सोबत होते. आधी सपाटीला हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून हळू क्लच सोडला, इंजिन लगेच बंद पडलं म्हणजे क्लच प्लेट ठीक. चालूच राहिलं असतं तर प्लेट घसरतेय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघितलं, फार वाफ नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, पुढच्या चाकातून कट-कट नाही, म्हणजे अ‍ॅक्सलचे जॉइंट ठीक. मग घाट चढून पाचगणीपर्यंत गेलो आणि येताना मुद्दाम ब्रेक जरा जास्त वापरत उतरलो. खाली आल्यावर मिस्त्री चारही चाकांजवळ वाकून वास घेत फिरले. पुढच्या उजव्या चाकाला जळका वास आणि बाकीच्यांपेक्षा जास्त गरम! कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारा भाग, चिकटत होता. सरांना पण माहीत नव्हतं, साताऱ्यात सपाटीला कळणारच नाही. पंधरा हजार कमी झाले आणि ४ लाख १० ला व्यवहार ठरला. लोक गाडी चढते कशी एवढंच बघतात, पण आमच्या घाटात माणूस अडचणीत येतो तो उतरताना.

आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता, त्यामुळं बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत. टायरवर ‘२३१६’ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती पण रबर दगडासारखं, चारही बदलले. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच नवीन टाकले, कारण या इंजिनचा बेल्ट तुटला तर इंजिनच उघडावं लागतं आणि आधीच्या मालकाकडं बदलल्याची पावती नव्हती. ब्रेक ऑइल पण पूर्ण बदललं. या सगळ्याला चाळीसेक हजार गेले, ते तुमच्या बजेटमध्ये आधीच धरा.

आता दीड वर्ष झालं. एव्हरेज घाटात १५ च्या आसपास. २०५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे आणि सस्पेन्शन तर काय सांगू, पावसाळ्यानंतर रस्त्याची चाळण झाली तरी कंबर दुखत नाही. उतरताना दुसऱ्यात टाकली की गाडी स्वतःच धरून राहते, ब्रेकवर फक्त टेकवायचा पाय. स्टिअरिंग जड आहे, पार्किंगला हात भरून येतात, पण धुक्यात वळणावर तेच जड स्टिअरिंग विश्वासाचं वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसतो, म्हणून फॉग लॅम्पला पिवळे बल्ब टाकले, फरक पडतो. आरशाचं बटण हँडब्रेकच्या खाली आहे, चालू गाडीत ते सापडत नाही, निघायच्या आधीच सेट करा.

सध्या मागून डाव्या बाजूला खड्ड्यात हलकी टक-टक येतेय, मिस्त्री म्हणतात शॉकअपचा बुश असेल. मे संपायच्या आत करून घेणार.