लिट आणि वेब कंपोनंट्स: नऊ महिने वापरल्यानंतर

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे मत कुठून येतंय ते कळेल. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. फ्रंट-एंडला आम्ही चौघं, आणि घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात: शाखेच्या काउंटरवरचं पीएचपी-जेक्वेरीचं जुनं खटलं, मुख्य कार्यालयासाठी अँग्युलर आणि पिग्मी एजंटांच्या मोबाइलसाठी रिॲक्ट, तेव्हा आवृत्ती १८ (दोन्ही जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क). तिन्हीकडे रक्कम टाकायची चौकट वेगळी. एका ठिकाणी लाखाचा स्वल्पविराम नीट पडायचा, दुसऱ्या ठिकाणी अमेरिकन पद्धतीने तीन-तीन अंकांवर, तिसरीकडे पडायचाच नाही. एकच बग तीनदा दुरुस्त करायचा आणि तिसऱ्या ठिकाणी हमखास विसरायचा, असं चाललं होतं.

म्हणून रक्कम, तारीख, खातेदार-शोध, बटणं, डायलॉग अशा बारा गोष्टी वेब कंपोनंट म्हणून, म्हणजे कुठल्याही पानात चालणारा आपला स्वतःचा एचटीएमएल टॅग म्हणून, एकदाच करायचं ठरलं. सुरुवातीचे दोन आठवडे कुठलीच लायब्ररी न घेता केलं. होतं, पण ॲट्रिब्यूट बदललं की पकड, प्रॉपर्टीत टाक, पुन्हा रंगव, ही हमाली प्रत्येक कंपोनंटमध्ये लिहावी लागते. मग हीच हमाली करणारी छोटी लायब्ररी, लिट ३, घेतली; बिल्डला व्हीट हे साधन. लिट कॉम्प्रेस करून जेमतेम ५ केबीचं आहे. दीड दिवसात हात बसतो, कारण शिकायला त्यात फारसं काही नाहीच. बाकी सगळं ब्राउझरचं स्वतःचं. कस्टम एलिमेंट्स, म्हणजे आपला टॅग नोंदवायची सोय, क्रोममध्ये २०१६ पासून, सफारीत २०१७ पासून, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आहेत. एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर गेला आणि तिथेही आली.

जुन्या काउंटरच्या पानात एक स्क्रिप्ट जोडली, आमचा टॅग लिहिला, आणि तो चालला. ना बिल्ड, ना कॉन्फिग. ज्या पानाला हात लावायला सगळे घाबरतात त्या पानात आज लिहिलेली चौकट गुपचूप येऊन बसली. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. (टॅगच्या नावाची एक गंमत: नावात हायफन लागतोच आणि पहिलं अक्षर इंग्रजी लहान लिपीतलं लागतं, पण पुढे देवनागरी चालतं. मी एकदा हायफनपुढे ‘रक्कम’ लिहून पाहिलं, बिनतक्रार चाललं. टीमने अर्थातच ते मर्ज होऊ दिलं नाही.)

चहाचा आनंद दोन दिवस टिकला. टेस्ट सर्व्हरवर भरणा स्लिप सेव्ह झाली. खातं बरोबर, तारीख बरोबर, रक्कम रिकामी. शॅडो डॉमच्या, म्हणजे कंपोनंटच्या बंदिस्त आतल्या भागाच्या, आत बसलेलं इनपुट बाहेरच्या फॉर्मला दिसतच नाही, त्यामुळे सबमिट करताना त्यात भरलेली माहिती सोबत जात नाही. पीएचपीला बिचाऱ्याला काही मिळालंच नाही. उपाय आहे: कंपोनंट फॉर्मशी जोडलेला आहे असं जाहीर करायचं आणि एलिमेंट-इंटर्नल्स या ब्राउझरच्या सोयीतून ती माहिती फॉर्मला द्यायची. काम चार ओळींचं, पण सफारीत हे १६.४ पासून म्हणजे मार्च २०२३ नंतर मिळतं, आणि एका संस्थेच्या संचालकांचा आयपॅड त्याआधीचा निघाला. त्यांच्यासाठी लपवलेलं इनपुट बाहेर ठेवायची जुनी युक्ती अजून कोडमध्ये आहे.

रिॲक्टने वेगळा हिसका दाखवला. खातेदार-शोधाला मी खात्यांची यादी दिली, तर आत ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ अशी अक्षरं पोचली. रिॲक्ट १८ कस्टम एलिमेंटला जे काही देतो ते ॲट्रिब्यूट म्हणून, मजकूर करून देतो. आपले स्वतःचे इव्हेंटही सरळ ऐकता येत नाहीत. लिटचंच रिॲक्टसाठीचं वेष्टन वापरून भागवलं. डिसेंबर २०२४ च्या रिॲक्ट १९ ने हे दुखणं मुळातून काढलंय. आम्ही सहाव्या महिन्यात त्यावर गेलो आणि बाराच्या बारा वेष्टनं डिलीट केली. तुमचं ॲप १८ वर असेल आणि हलणार नसेल, तर ही कटकट धरूनच चला. अँग्युलरने मात्र काही त्रास दिला नाही, त्याच्याबद्दल लिहायलाच काही नाही.

आता शॅडो डॉमबद्दल. सुरुवातीला मी त्याचीच सर्वांत मोठी चाहती होते. काउंटरच्या सीएसएसमध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी प्रत्येक इनपुटला ‘इम्पॉर्टंट’ लावून रुंदी दिली आहे, आणि ते काढलं की सतरा पानं मोडतात. शॅडोत यातलं काहीच शिरत नाही. पण भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते. प्रत्येक संस्थेला आपला रंग हवा, म्हणून सीएसएस व्हेरिएबल्स आणली, कारण ती आत झिरपतात. मग कडा, मग पॅडिंग, मग फोकसची रेघ. पाचव्या महिन्यात मोजली तर चाळीसच्या वर व्हेरिएबल्स झाली होती आणि कुठलं कशाला हे मलाही आठवेना.

त्यात देवनागरीची भर. एका संस्थेने स्वतःचा फॉन्ट लावला आणि चौकटीच्या वरच्या मजकुरातले रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या गेल्या. ‘कर्जखाते’ हे ‘कजखाते’ दिसायला लागलं. आमच्या ओळीची उंची इंग्रजी बघून ठरवलेली, चूक आमचीच. पण पूर्वी साइटवर गेलेला आमचा माणूस तिथल्या तिथे दोन ओळींचं सीएसएस टाकून वेळ मारून न्यायचा. आता तो फोनवर म्हणाला, “मॅडम, मी लिहितोय पण काही होतच नाहीये.” होणार कसं? बाहेरचा नियम आत पोचतच नाही. फॉन्टची घोषणासुद्धा शॅडोच्या आत केली तर लागू होत नाही, ती मूळ पानातच करावी लागते. हे कळायला माझी एक दुपार गेली. स्क्रीन रीडरचंही तेच. चूक दाखवणारा संदेश चौकटीबाहेर असेल तर त्याचा आयडी देऊन आतलं इनपुट त्याच्याशी जोडता येत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून ऐकलं तेव्हा चौकट लाल झाली होती आणि आवाज गप्प.

शेवटी बारापैकी आठ कंपोनंट्सचा शॅडो काढून टाकला. लिटमध्ये ती एका मेथडची गोष्ट आहे: रंगवायची जागा विचारली की स्वतःचाच एलिमेंट परत द्यायचा. त्या बदल्यात स्लॉट (बाहेरचा मजकूर आत बसवायच्या जागा) जातात आणि कंपोनंटचं स्वतःचं बंदिस्त सीएसएस जातं. डायलॉग आणि कार्डला स्लॉट लागतातच, तिथे शॅडो ठेवला. रकमेच्या चौकटीला कशाला हवा होता, हे आता कळत नाही. या आठांपुरती फॉर्मची यातायातही त्याच दिवशी संपली, कारण इनपुट पुन्हा साधं इनपुट झालं.

हे सगळं सोसूनही मी हे का सोडलं नाही, त्याला कारण एक बग. मराठी कीबोर्ड लावून एका कॅशिअरने रक्कम टाकली. नंबर प्रकारचं इनपुट देवनागरी अंक सगळीकडे घेत नाही, म्हणून आम्ही टेक्स्ट ठेवलं होतं. पण जावास्क्रिप्टला ‘१२३’ देऊन आकडा मागितला की ‘नॉट अ नंबर’ मिळतं. ते आम्ही सांभाळलं होतं, असं आम्हाला वाटत होतं: टाइप करताना अंक बदलून घ्यायचो. पण चौकट सोडताना रक्कम मराठी लोकेलने (भाषेनुसार आकडे-तारखा दाखवायच्या पद्धतीने) सजवायची, आणि मराठी लोकेल मुळात देवनागरी अंकच देतो: १२,३४,५६७. कॅशिअर पुन्हा चौकटीत आली की तोच मजकूर आम्ही वाचायचो आणि आपल्याच हाताने केलेल्या आकड्यावर आपटायचो. टेस्टिंगमध्ये सुटलं कारण टेस्टरने हिंदी लावलं होतं, आणि हिंदी लोकेल इंग्रजी अंक देतो. दुरुस्ती अशी केली की दिसणारा मजकूर वेगळा आणि खरा आकडा वेगळा ठेवला. दाखवलेलं परत वाचायचंच नाही. सकाळी कोड लिहिला, पॅकेजची आवृत्ती वाढवली, संध्याकाळपर्यंत काउंटर, मुख्य कार्यालय आणि पिग्मी ॲप तिन्हीकडे गेलं. पूर्वी याच कामाचे तीन तिकीट, तीन डेव्हलपर आणि दोन आठवडे लागले असते.

आवृत्त्यांवरूनच आणखी एक फटका. एका पानात आमचं पॅकेज दोन वेगळ्या बंडलमधून दोनदा आलं. एकाच नावाचा टॅग दुसऱ्यांदा नोंदवला की ब्राउझर एरर फेकतो आणि ती स्क्रिप्ट तिथेच थांबते. आधी नोंद आहे का ते तपासून मग नोंदवतो आता, पण मग जी आवृत्ती आधी लोड होते तीच राज्य करते. याचं नीट उत्तर आमच्याकडे अजून नाही.

टेस्टिंग: प्लेराइट हे टेस्टिंगचं साधन उघड्या शॅडोत आपोआप शिरतं, पण एक्सपाथने (पानातला घटक त्याच्या वाटेने शोधायच्या पद्धतीने) लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट्स गेल्या. सर्व्हरवर रंगवायची भानगड आम्ही केली नाही, आमचं सगळं लॉगिनच्या मागे आहे.

आमच्यातल्या एकाने उत्साहात अख्खं रिपोर्ट-पान लिटमध्ये करायला घेतलं. राउटिंग स्वतः, स्टेट स्वतः. एक दिवस तो यादीत ओळी ढकलत होता आणि पडदा ढिम्म, कारण ॲरे (यादी) तोच राहिला की लिटला बदल झाला हे कळत नाही; नवा ॲरे द्यावा लागतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण वाचतो कोण. तीन आठवड्यांनी ते पान रिॲक्टमध्ये परत गेलं, आत आमचीच चौकट आणि बटणं ठेवून. मला विचाराल तर हीच वाटणी बरोबर आहे. ज्यांच्याकडे एकच फ्रेमवर्क आहे आणि तेच राहणार आहे, त्यांनी यात पडूच नये.

तारखेची चौकट अजून शॅडोतच आहे. काउंटरच्या पानात कॅलेंडर उघडतं तेव्हा त्या ‘इम्पॉर्टंट’वाल्या सीएसएसचा त्याला वारासुद्धा लागत नाही, त्यामुळे तिला हात लावायला कुणी तयार नाही, मीसुद्धा.